'मॅडम, तुम्ही हाफ क्लचवर चालवता!' क्लच जळला, तर पैसे कुणी भरायचे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले 'अं', 'आपलं ते' आणि मधेच भुंकलेलं शेजारचं कुत्रं एवढं काढलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट घरातली आहे. माझ्या मावसबहिणीनं स्वतःच्या पगारातून पहिली गाडी घेतली. छोटी हॅचबॅक, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. तेरा महिने झाले होते आणि ११,४०० किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात ती पुण्याहून वाईला निघाली. मागच्या सीटवर मावशी आणि काका. खंबाटकी घाट चढताना तिला जाणवलं की ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतंय, आरपीएमचा काटा वर जातोय, पण गाडी काही जोर धरत नाही. मग करपल्याचा वास. मावशीला वाटलं बाहेर कुणीतरी टायर जाळतंय. दोन वळणं पुढे गाडी थांबली ती थांबलीच. टोइंगचे साडेतीन हजार देऊन गाडी पुण्याला परत आली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागारानं गाडी सुरू केली, पाच फूट पुढे-मागे केली आणि निकाल दिला. "मॅडम, तुम्ही हाफ क्लचवर चालवता. प्लेट जळाली. हे वॉरंटीत बसत नाही." हातात १३,८०० रुपयांचं एस्टिमेट.

बॉनेटखालचा एक बोल्टही तोपर्यंत उघडलेला नव्हता.

पैशांपेक्षा दुसरी गोष्ट तिला जास्त लागली. लायसन्स काढून दीडच वर्ष झालेलं. घरात दाजींचे विनोद आधीच चालू होते. तिनं ते वाक्य खरं मानलं. "मीच जाळली असेल रे," असं मला फोनवर म्हणाली. आज आपण हेच बघणार आहोत: क्लच जळतो तेव्हा नक्की काय होतं, ते कुणामुळे झालं हे कसं कळतं, आणि कंपनीची जबाबदारी कुठे सुरू होते.

क्लच करतो काय?

एक ताट टेबलावर गरागरा फिरतंय असं समजा. हे इंजिन. त्याच्यासमोर दुसरं ताट, स्थिर. हा गिअरबॉक्स आणि पुढे चाकं. दोघांच्या मध्ये एक खडबडीत फडकं. दुसरं ताट दाबून धरलं की फडक्याच्या घर्षणामुळे तेही फिरायला लागतं. सुरुवातीला थोडं घसरतं, मग दोन्ही एका वेगानं फिरतात.

गाडीत फिरणाऱ्या ताटाला फ्लायव्हील म्हणतात, फडक्याला क्लच प्लेट, आणि दाबून धरणाऱ्या भागाला प्रेशर प्लेट. तुम्ही पेडल दाबता तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटची स्प्रिंग दबते आणि प्लेट मोकळी होते. पेडल सोडलं की पकड परत येते.

पेडल अर्धवट असतं तेव्हा प्लेट घसरत असते. घसरलं की उष्णता, आणि उष्णता म्हणजे झीज. प्रत्येक वेळी गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना हे थोडं होणारच, क्लच त्यासाठीच बनवलेला असतो. म्हणूनच ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर यांच्यासारखी क्लच प्लेटही बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटी पुस्तिकेत 'नेहमीच्या झिजेचे भाग' या यादीत असते. कुणाची लाखभर किलोमीटर चालते, कुणाची चाळीस हजारांत संपते. शहरातला ट्रॅफिक, चढ, वजन आणि पायाची सवय, सगळ्याचा परिणाम होतो.

आणि कंपनीची बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. माझी स्वतःची जुनी गाडी ३८ हजारांत क्लचला आली होती. सिग्नलला चढावर हँडब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलून धरायची, ही माझी मर्दुमकी. शिवाय डावा पाय कायम पेडलवर टेकवलेला. तो खर्च मी गुपचूप भरला, कारण चूक माझीच होती. ड्रायव्हरच्या पायानं क्लच जळतो, हे खोटं नाही. प्रश्न एवढाच की या गाडीत तसं झालं होतं का, आणि हे न उघडता कसं कळलं?

जळलेली प्लेट काय सांगते

आमच्या नाक्यावर एक मेकॅनिक काका आहेत. त्यांना फोन लावला. त्यांनी एकच सांगितलं: "गिअरबॉक्स उतरवतील तेव्हा पोरीला समोर उभी राहू दे. आणि जुनी प्लेट तिथून हलू देऊ नका."

का, ते बघा.

लायनिंग सगळीकडून सारखं झिजून रिव्हेटपर्यंत आलं असेल, आणि गाडी बरीच चाललेली असेल, तर ती सरळ झीज. यात भांडण्यासारखं काही नाही.

फ्लायव्हीलवर निळसर-काळे डाग असतील तर प्लेट खूप घसरली आणि तापली. सर्व्हिस सेंटर इथेच बोट ठेवतं: "बघा, हाफ क्लच." पण डाग फक्त एवढंच सांगतात की प्लेट घसरली. का घसरली, हे सांगत नाहीत. केबलचा क्लच असेल आणि केबल जास्त ताणून ॲडजस्ट केली असेल, पेडलला मोकळी चाल उरली नसेल, तर पाय पेडलवर नसतानाही प्लेट पूर्ण पकडत नाही. डाग तसेच पडतात. त्यामुळे शेवटच्या सर्व्हिसिंगला क्लच ॲडजस्ट केला होता का, हे जॉब कार्डवर बघायचं.

प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं तुटलेली किंवा कमी-जास्त उंचीची असतील, प्लेटमधल्या छोट्या डॅम्पर स्प्रिंग निसटलेल्या असतील, लायनिंगचा तुकडा रिव्हेटपासून उखडून आला असेल, तर कमी किलोमीटरच्या गाडीत भागाच्या दर्जाबद्दल प्रश्न विचारायलाच हवा. स्प्रिंगची बोटं आपल्या पायानं कमी-जास्त उंचीची होत नाहीत.

आणि चौथी शक्यता, तेल. इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला एक ऑइल सील असतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टलाही असतं. यातलं एक जरी गळायला लागलं, तरी तेल क्लचच्या घरात येतं आणि प्लेटवर बसतं. तेलकट फडक्यानं ताट फिरवून बघा! पकड जाते, प्लेट घसरते, तापते, जळते. वास तोच, डाग तसेच. बाहेरून बघणाऱ्याला यात आणि हाफ क्लचमध्ये फरक दिसणार नाही. फरक दिसतो फक्त उघडल्यावर.

बहिणीनं सर्व्हिस सेंटरला ईमेल केला: मी हजर असल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू नका. दोन दिवस टोलवाटोलवी झाली. "कस्टमरला शॉप फ्लोअरवर परवानगी नाही," वगैरे. शेवटी काचेच्या अलीकडून नाही, थेट लिफ्टजवळ उभी राहिली. गिअरबॉक्स खाली आला. प्लेट काळी पडली होती, आणि घराच्या तळाशी तेलाचा ओघळ होता. फ्लायव्हीलच्या मागे, सीलपासून खाली, चकचकीत. तिनं व्हिडिओ काढला. तिथला फिटर हळूच म्हणाला, "ताई, सील गेलंय." सल्लागार काहीच बोलला नाही.

क्लच प्लेट झिजेच्या यादीत असेल. क्रँकशाफ्टचं ऑइल सील ११ हजार किलोमीटरला झिजायचा भाग नाही. आणि सीलमुळे प्लेट गेली असेल, तर प्लेटचा खर्चही त्याच दोषाचा परिणाम आहे.

वॉरंटी वेगळी, कायदा वेगळा

आता जरा कायद्याकडे येऊ. घाबरू नका, सोपं आहे.

वॉरंटी म्हणजे कंपनीनं स्वतःहून दिलेलं वचन, स्वतःच्या अटींवर. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा त्या पुस्तिकेवर अवलंबून नाही. या कायद्यात वस्तूतला 'दोष' म्हणजे दर्जा, क्षमता, शुद्धता किंवा प्रमाण यातली उणीव. आणि सर्व्हिस सेंटरनं न तपासता निदान केलं, चुकीची दुरुस्ती केली, तर ती 'सेवेतली त्रुटी'. दोष सिद्ध झाला तर आयोग दुरुस्ती, बदली, पैसे परत, नुकसानभरपाई यापैकी योग्य तो आदेश देऊ शकतो.

इथे बरेच जण एक गल्लत करतात. या कायद्यात 'उत्पादन दायित्व' नावाचं एक अख्खं प्रकरण आहे. त्यात उत्पादकाची जबाबदारी कडक आहे. पण तिथली 'हानी' म्हणजे माणसाला इजा, आजार, मृत्यू, मानसिक त्रास किंवा इतर मालमत्तेचं नुकसान. खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान त्यातून वगळलंय. म्हणजे क्लच निकामी होऊन अपघात झाला आणि कुणाला लागलं, तर ते प्रकरण उपयोगी. फक्त क्लच जळाला असेल, तर तुमची तक्रार 'सदोष वस्तू' आणि 'सेवेतली त्रुटी' याखाली जाते. तक्रार लिहिताना हा फरक लक्षात ठेवा.

मग आयोगात गेलं की नवी गाडी मिळते का? बहुतेक वेळा नाही. सुप्रीम कोर्टासमोर २००६ मध्ये मारुती उद्योगाचं एक प्रकरण आलं होतं, आणि त्यात तक्रार क्लचचीच होती. ग्राहकाला गाडी बदलून द्या किंवा किंमत परत करा, असा आदेश आधी झाला होता. सुप्रीम कोर्टानं वॉरंटीची अट वाचली. सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं एवढंच कंपनीनं कबूल केलं होतं. त्यामुळे अख्खी गाडी बदलण्याचा आदेश टिकला नाही. म्हणून अपेक्षा वाजवी ठेवा: भाग, मजुरी, टोइंग, त्रासाची भरपाई. एका क्लचसाठी थेट सहा-सात लाख परत मागितले, तर मूळ तक्रार कमकुवत होते.

दुसरा प्रश्न, जबाबदार कोण? डीलर की कंपनी? डीलर म्हणतो "कंपनीनं क्लेम नाकारला." कंपनी म्हणते "डीलर स्वतंत्र व्यावसायिक आहे." हा दुसरा मुद्दा कोर्टात चालतोही. गोव्यातल्या एका ग्राहकानं २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले होते आणि डीलरनं २००९ चं मॉडेल दिलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २०२१ मध्ये कोर्टानं टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केलं, कारण डीलरनं जे केलं त्यात कंपनीचा सहभाग किंवा तिला माहिती होती हे दाखवलेलं नव्हतं. आपल्यासाठी धडा असा: तक्रारीत दोघांनाही पक्षकार करा, आणि कुणाविरुद्ध काय म्हणणं आहे ते वेगवेगळं लिहा. सील सदोष होतं, हे कंपनीविरुद्ध. न उघडता निदान केलं, हे डीलरविरुद्ध. आणि कंपनीला स्वतंत्र ईमेल कराच, म्हणजे "आम्हाला माहीतच नव्हतं" हे वाक्य उरत नाही.

पेडलच नसलेल्या गाडीत 'तुमची चालवण्याची पद्धत'

दोष ड्रायव्हरवर ढकलणं हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या छोट्या गाड्यांमध्ये 'पॉवरशिफ्ट' नावाचा गिअरबॉक्स होता. आत दोन क्लच, आणि ते चालवणार कॉम्प्युटर. गाड्या थरथरायच्या, धक्के द्यायच्या. लोक तक्रार घेऊन गेले, तर काहींना सांगण्यात आलं की हे तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे होतंय. मंडळी, त्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली क्लच पेडलच नव्हतं!

तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगानं कंपनीला कोर्टात खेचलं. एप्रिल २०१८ मध्ये फेडरल कोर्टानं फोर्ड ऑस्ट्रेलियाला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. दंड गिअरबॉक्स खराब होता म्हणून नव्हता. तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकांना ज्या प्रकारे वागवलं, त्याबद्दल होता. गाडीत दोष निघू शकतो, यंत्रच ते. पण दोषाची शक्यता माहीत असताना समोरच्यालाच चूक ठरवणं, ही वेगळी जबाबदारी आहे.

आपल्याकडे परतबोलावणीचा, म्हणजे रिकॉलचा कायदाही आला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-अ आलं, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. पण त्यासाठी दोष पर्यावरणाला, गाडीतल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका होईल असा हवा, आणि पुरेशा तक्रारी नोंदलेल्या हव्यात. एकट्या जळलेल्या प्लेटनं हे होत नाही. पण एकाच मॉडेलच्या शेकडो गाड्यांचे क्लच घाटात सुटत असतील, तर प्रत्येकानं तक्रार नोंदवली तरच ते आकड्यात दिसेल.

मग करायचं काय?

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक. लक्षण दिसताच नोंदवा. सपाट मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. लगेच जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. आणि घसरणारा क्लच तसाच पळवू नका, नाहीतर पुढच्या नुकसानीचं खापर तुमच्यावर फुटेल.

दोन. गिअरबॉक्स उतरवण्याआधी ईमेल करा: मी हजर राहणार, फोटो काढणार, निदान लेखी हवं. नुसतं 'हाफ क्लच' असं तोंडी नको. कोणता भाग, कशामुळे, कशावरून.

तीन. फोटोत प्लेटच्या दोन्ही बाजू, फ्लायव्हील, प्रेशर प्लेटची बोटं, तेलाच्या खुणा आणि ओडोमीटर घ्या. तुम्ही पैसे भरणार असाल तर जुने भाग मागून घ्या. वॉरंटीत बदलले तर कंपनी ते ठेवते, म्हणून फोटो आधीच.

चार. गाडीशिवाय चालणारच नसेल तर पैसे भरा, पण "हरकत नोंदवून भरत आहे" असं ईमेलमध्ये आणि बिलावर लिहा. मोठी रक्कम असेल तर स्वतंत्र वाहन सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाइल इंजिनीअरचा लेखी अहवाल घ्या. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोगही भाग प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

पाच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन करा, तक्रार क्रमांक घ्या. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

सहा. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतची खरेदी तिथे चालते. फी गाडीच्या किमतीवर ठरते: पाच लाखांपर्यंत शून्य, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही. वकील लागतोच असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र दाखल करा. आणि गाडी स्वतः चालवून त्यावर पोट भरणारे टॅक्सीवाले दादा असतील, तर तेही ग्राहकच. "कमर्शिअल गाडी आहे" म्हणून परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका.

शेवट काय झाला?

बहिणीनं व्हिडिओ, फोटो आणि जॉब कार्ड जोडून डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल केला. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं. सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि मजुरी कंपनी देणार. पत्रात कुठेही 'दोष' हा शब्द नव्हता. 'गुडविल म्हणून' असं लिहिलं होतं. टोइंगचे साडेतीन हजार नाकारले. त्यासाठी तिनं १९१५ वर तक्रार टाकली आहे, निकाल अजून यायचाय. दोन हजार असते तरी टाकली असती, म्हणते.

गाडी परत मिळाल्यावरही पंधरा दिवस तिनं किल्लीला हात लावला नव्हता. "वाटतं पुन्हा जाळीन," म्हणायची. मग एका रविवारी मावशीच म्हणाली, चल, वाई राहिलीय. परवा मला खंबाटकीच्या वरून फोटो आला. मावशी, काका आणि मागे गाडी. खाली लिहिलं होतं: "दाजींना पाठव."

तुमच्या गाडीचं असं काही झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. निवडक अनुभव पुढच्या भागात ऐकवू, नावं न घेता. आणि हो, डावा पाय पेडलवरून बाजूला ठेवा. भेटू पुढच्या आठवड्यात!